बारा वर्षांनी गावची लक्ष्मी, पोरं आणि न सापडलेली पत्र्याची बोट

मार्कंडेयकाठची

गावच्या लक्ष्मीची जत्रा बारा वर्षांनी भरली. पोरांना घेऊन गेलो होतो, परवा परत आलो. धाकट्याच्या कानामागचा भंडारा तीन आंघोळी झाल्या तरी जाईना, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाची तर हळदच झाली.

(होय, मी बाईच. आमच्या बेळगावकडं बायका 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पुण्यात दहा वर्षं नणंदा हसल्या, आता त्यांनी नाद सोडलाय. इथं तरी मोकळेपणानं लिहितो.)

गावाचं नाव राहू दे. मार्कंडेय नदीच्या काठचं, बेळगाव तालुक्यातलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं महालक्ष्मीची जत्रा दरसाल नसते. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, काही गावांत वीस वर्षं उलटून गेल्यावर. म्हणजे माणसाच्या जन्मात पाच-सहा जत्रा, त्यातल्या कळत्या वयात तीन-चार. आज्जी आमची सालं सांगायचीच नाही, "लक्ष्मीच्या जत्रेच्या दुसऱ्या वर्षी तुझा बाबा झाला" असा तिचा हिशेब. जत्रेआधी वार पाळायचे, त्या मंगळवारी-शुक्रवारी शेतात कुणी पाय ठेवायचा नाही. घरांना रंग, बायकांना साड्या, पाहुण्यांना आमंत्रणं, आणि या सगळ्यासाठी कर्ज. पेपरात 'यात्रा' छापून येतं, पण गावात कुणी यात्रा म्हणत नाही. जत्राच.

पहाटे सूर्य वर येताना देवीचं लग्न लागतं, अक्षता पडतात, मग भंडारा इतका उधळतात की शेजारी उभं राहिलेलं माणूस दिसत नाही. मग रथ. मग देवी गदगेवर (तिच्या आसनावर) बसते, ओट्या भरायला रांगा. शेवटच्या दिवशी तिला गावच्या सीमेकडं नेतात, आणि गाव असं गप्प होतं की विचारू नका.

मी आठ वर्षांची असतानाची जत्रा मला आठवते. खरं सांगायचं तर जत्रेतलं कमी आणि घरातलं जास्त. सोप्यात, माळ्यावर, परसात, मिळेल तिथं माणसं झोपलेली. रात्री उठलं तर कुणाच्या तरी पोटावर पाय पडायचा. बाबांनी वीस रुपये दिलेले, त्यातल्या दहाची मी पत्र्याची बोट घेतली. आत रॉकेलचा बोळा पेटवायचा, की ती पाण्यात टक्-टक्-टक् करत गोल फिरायची. पाणी कुठं घ्यायचं? पीठ मळायची मोठी परात रिकामी दिसली, तिच्यात घेतलं. संध्याकाळी पन्नास माणसांच्या भाकरीला रॉकेलचा वास. मला कुणी कुणी मारलं ते मोजायचंच राहिलं.

ही गोष्ट मी माझ्या पोरांना महिनाभर सांगत होतो. थोरली नऊची, धाकटा पाचचा. दोघांनी ठरवलेलं, जत्रेत गेल्या गेल्या बोट. पूर्ण जत्रा दोनदा पायाखाली घातली, बोट नाही. साबणाचे फुगे सोडणाऱ्या बंदुका, लाइट लागणारे शिंग, आवाज काढणारा प्लॅस्टिकचा कोंबडा, सगळं होतं. एका दुकानदाराला विचारलं तर तो पोरगा म्हणाला, "आक्का, बोट रिमोटवरची पाहिजे काय?"

म्हातारीचे केस मात्र मिळाले, पण पांढरे. 2024 च्या मार्चपासून कर्नाटकात त्यात आणि गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला बंदी आहे. मी लालचुटुक जिभा दाखवण्याच्या गप्पा मारलेल्या, त्या वाया. धाकटा म्हणतो, "मम्मी, म्हातारीचे केस पांढरेच असतात की."

पाळण्यात थोरली बसली नाही, भ्याली. मीही मनातून खूश, कारण मीही भ्यालो होतो. मग ती गायब. शोधलं तर आमच्याच दारात कासाराशेजारी बसलेली. घरातल्या सगळ्या बायकांना तो काकणं भरत होता आणि ही हात बघून माप सांगत होती, "दोन चार... नाही, दोन सहा." बरोबर सांगायला लागल्यावर कासारानं तिला आपल्याजवळ पाटच दिला. अडीच तास. आता पुण्यात सोसायटीतल्या प्रत्येक काकूचं मनगट बघते.

तुम्ही पोरांना जत्रेला नेता काय? त्यांना काय आवडलं? आणि ती पत्र्याची बोट हल्ली कुठं मिळते, कुणाला ठाऊक असलं तर सांगा.

रायबागकर

बोटीचं माहीत नाही, पण हरवण्याचं माझ्याकडं आहे.

चिंचलीची मायाक्का. माघातली जत्रा, सांगली-कोल्हापूरकडनं बैलगाड्यांची रांग लागते. आमच्यापासून जवळ, तरी आज्जा गाडीच जुंपायचा, कारण "रेल्वेनं आलेलं देवीला कळत नाही." (मीटरगेजची गाडी चिंचलीला थांबायची. आज्जाला तिकिटाचे पैसे वाचवायचे होते, हे मला मोठेपणी कळलं.) गाडीखाली कडबा पसरून झोपायचं, वर बैलांच्या घुंगरांचा आवाज. त्या झोपेसारखी झोप मला परत लागलेली नाही.

सहा वर्षांचा होतो, हरवलो. लाउडस्पीकरवाल्या मंडपात नेऊन बसवलं. तिथला माणूस कानडीत विचारतोय, "निन्न हेसरेनु?" (तुझं नाव काय?) मला कानडी समजायचं, पण रडण्यात सुचेना. मग मराठीत, "बापाचं नाव काय?" मी म्हटलं, "अप्पा." "गाव?" "घर." त्यानं तसंच पुकारलं: "अप्पा यांनी आपला मुलगा घेऊन जावा." कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा. सगळा सीमाभाग अप्पांनी भरलेला! मंडपापुढं ही गर्दी. प्रत्येक अप्पा वाकून माझं तोंड बघतो आणि "हे आमचं न्हवं" म्हणून जातो. माझा अप्पा आलाच नाही, त्याला मी हरवलोय हेच ठाऊक नव्हतं. शेवटी आमच्या बैलाच्या शिंगाचा निळा रंग लांबून दिसला आणि मीच पळत गेलो.

आता मी पोराच्या मनगटावर पेनानं फोन नंबर लिहितो आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावतो, घामानं पुसत नाही. एवढं करा, बाकी काही नको.

हुक्केरीची सून

अकरा अप्पा तरी असतीलच 😄

आम्ही यंदा पौर्णिमेला सौंदत्तीला गेलो, यल्लम्माच्या डोंगरावर. मुद्दाम बसनं. 2023 च्या जूनपासून आपल्याकडं बायकांना सरकारी बस फुकट, त्यामुळं मी आणि लेक शून्याच्या तिकिटावर. नवऱ्याला पूर्ण, सात वर्षांच्या मुलाला अर्धं. मुलगा रस्ताभर रुसला, "दीदीला फुकट आणि मला का नाही?" कंडक्टरनं समजावलं, "तू गंडस, पैसे दे." (गंडस म्हणजे पुरुष.) त्यावर पठ्ठ्या असा ताठ बसला की डोंगर येईपर्यंत खिडकीला टेकला नाही.

खरी गंमत माझ्या बहिणीची. ती कागलला दिलेली. तिच्या लाल बसमध्ये तिला अर्धं तिकीट, सीमा ओलांडून आमच्या बसमध्ये बसली की महाराष्ट्राचं आधारकार्ड चालत नाही, पूर्ण पैसे. एकाच आईच्या दोन पोरी, एकाच सीटवर, मी फुकट आणि ती पैसे मोजतेय. ती म्हणाली, "उधं गं आई उधं, मला कर्नाटकात दे."

बसमधली गर्दी मात्र अशी की लहान पोरांना घेऊन पौर्णिमेला जाऊच नका. आधी किंवा नंतर जा. देऊळ 1514 मधलं, रायबागच्या बोमाप्पा नायकानं बांधलेलं, असं सांगतात. रायबागकर, तुमच्याच गावचा हो! पाचशे वर्षं उभं आहे, आठ दिवस थांबेल.

रायबागकर

आमच्या गावच्या माणसानं देऊळ बांधलं आणि मला तिथं दर्शनाला पाच तास उभं केलं. ओळखीचा काही उपयोग नाही.

तंबाखूवाल्याचा नातू

निपाणीकडचा. आमची जत्रा म्हणजे अप्पाचीवाडीची, हालसिद्धनाथाची. तिथं पाळणे-बिळणे आहेतच, पण लोक जातात ते भाकणुकीला. पाऊस कसा, पीक कसं, काय महागणार, राजकारणात काय होणार, सगळं ओवीसारखं एका दमात सांगितलं जातं, आणि मैदानभर माणसं असूनही कुणी खोकत नाही. आधी ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा) असे वाजतात की छातीत घुमतं.

आजोबा मला खांद्यावर घेऊन उभे राहायचे. मला एक अक्षर कळायचं नाही. परत येताना वाटेत ओळखीचे शेतकरी भेटायचे आणि प्रत्येकानं वेगळंच ऐकलेलं. एक म्हणायचा तंबाखूला धारण चांगली, दुसरा म्हणायचा नाही, तसं ऊसाबद्दल सांगितलं. आजोबा दोघांचं ऐकून घ्यायचे आणि पेरायचे ते दरसाल तंबाखूच.

मी मुलाला नेलं गेल्या वर्षी. आठवीत आहे. त्यानं सगळी भाकणूक मोबाईलवर रेकॉर्ड केली, वहीत उतरवून काढली आणि आता एकेक वाक्यापुढं टिक किंवा फुली मारत बसतो. आजोबा असते तर त्यांनी वही जाळली असती. किंवा तंबाखूचं पान बघायला मागितली असती, सांगता येत नाही.

लाल माती

जत्रा म्हणजे कुस्तीचं मैदान. बाकी सगळं भजी खायला.

आमच्या येळ्ळूरला महाराष्ट्र मैदान भरतं, लांबलांबचे पैलवान येतात. पण पोरांना न्यायचं तर दुपारीच न्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या बघायला. सहा-सात वर्षांची पोरं लंगोट सावरत येतात, अर्धी तर रडत येतात, आणि जिंकलेला मूठभर रेवड्या घेऊन हरलेल्यालाच देतो. मोठ्या कुस्त्यांत कुठला डाव लागला, ढाक की पोकळ घिस्सा, हे लहान मुलांना कळत नाही, कंटाळतात. हल्ली मुलींच्याही कुस्त्या लावतात. माझी भाची एक कुस्ती बघून घरी आली आणि भावाला गादीवर चितपट केला. गादी फाटली.

वडगावचा

मी बेळगाव शहरातला, वडगावचा. आमची मंगाई आषाढात. पावसात चिखल, छत्र्या, आणि तरी पाय ठेवायला जागा नाही. लहानपणी सगळ्यात आवडायची ती जत्रा.

यंदा लेकीला नेलं. सहा वर्षांची. आमच्याकडं नवसाची कोंबडीची पिल्लं देवळावर उडवतात, माहीत असेल. मी तिला खांद्यावर घेऊन कौतुकानं दाखवतोय, ते बघ, ते बघ. ती म्हणाली, "बाबा, ते खाली कसं येणार?"

मी तीस वर्षं बघतोय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. काहीतरी सांगितलं, देवी बघते वगैरे. ती गप्प बसली. नारळ, ओटी, बत्तासे सगळं झालं, पण परत येताना तिनं फुगा पण घेतला नाही. पुढच्या वर्षी नेऊ की नको कळत नाही.

तंबाखूवाल्याचा नातू

न्या की. ओटी भरा, साखर वाटा, पिल्लू उडवायलाच पाहिजे असं देवीनं कुणाला सांगितलंय? उगीच जत्रा तोडू नका.

लाल माती

नवस ज्याचा त्याचा. पोरांच्या प्रश्नांवर रीत बदलायला लागलो तर काहीच उरायचं नाही.

वडगावचा

रीत बदला म्हटलं नाही हो मी. मला उत्तर देता आलं नाही एवढंच म्हटलं.

खानापुरी

लहान पोरं असतील तर असोग्याला या. महाशिवरात्रीला, मलप्रभेच्या काठी, रामलिंगेश्वराचं देऊळ. पाण्यात पाय सोडून कलिंगड खायचं, संपली जत्रा. रहाटपाळण्यापेक्षा नदी स्वस्त.

गोकाकची शेजारीण

आमच्या घरी कानडी, पण शाळा मराठी, त्यामुळं दोन्हीकडं चुकते. संभाळून घ्या.

बत्तासे लिहिलात, बेंड (जत्रेतला गोड खाऊ) विसरलात! आमच्याकडं 'बेंडु-बत्तासु' हा एकच शब्द आहे. जत्रेतनं आलेल्या माणसानं शेजारच्या घरी बेंड-बत्तासे दिले नाहीत तर तो जत्रेला गेलाच नाही असं धरतात. आणि गिरमिट. चिरमुऱ्यात चिंच-गुळाचं, कांद्याचं ओलं मिसळून वर शेव आणि बाजूला मिरची भजी. पोरं पिझ्झा विसरतात, मी बघितलंय.

खेळण्याचं म्हणाल तर गोकाकची लाकडी फळं घ्या. केळं, आंबा, सीताफळ, अगदी खऱ्यासारखी रंगवलेली. लहानपणी आमच्या पाहुण्यांपैकी एकानं लाकडी पेरू चावला होता. दात हलला, पण लाजून बोलला नाही.

उद्यमबाग

बोटीबद्दल. मी फौंड्रीत काम करतो, बेळगावात त्याच जास्त. मला ही बोट लहानपणी उघडून बघितल्याबद्दल मार पडलाय, म्हणून सांगतो.

आत पातळ पत्र्याची चपटी डबी असते. तिच्यातनं दोन बारीक नळ्या निघून मागं पाण्याखाली सुटतात. आधी नळ्यांत पाणी भरायचं, मग डबीखाली बोळा पेटवायचा. पाण्याची वाफ होते, वाफ नळीतलं पाणी मागं फेकते, बोट पुढं जाते. वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढलं जातं. मग बोट मागं का येत नाही? कारण बाहेर जाताना पाणी सरळ धारेनं जातं आणि आत येताना चहूबाजूंनी येतं, त्यामुळं मागं ओढ कमी. टक्-टक् आवाज त्या पातळ पत्र्याचा, तो आतबाहेर होतो. त्या पत्र्याशिवाय एकही हलणारा भाग नाही, चाक नाही, पंखा नाही. दहा रुपयांत एवढं इंजिनियरिंग कोण देतंय?

खडेबाजारात विचारून बघतो. नाही मिळाली तर थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची करता येते. नळीला तांब्याची बारीक पाइप लागेल.

संकेश्वरची मिरची

सगळं वाचलं. छान लिहिताय. एक विचारू काय, मूळ लिहिणाऱ्या ताईंना?

तुम्ही आठ वर्षांच्या असताना घरात पन्नास माणसं होती, तुम्ही बोट चालवली, मार खाल्ला. त्या पन्नास माणसांच्या भाकरी कोण थापत होतं? मी विचारते, कारण मी सून आहे आणि आमच्याकडं पुढच्या वर्षी जत्रा आहे. सगळे 'माणसांनी भरलेलं घर' म्हणतात तेव्हा मला आधी भांडी दिसतात.

मार्कंडेयकाठची

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आईला फोन करून विचारलं.

भाकरी आई, दोन काकी आणि आत्ती. परसात तीन दगडांच्या चुली, पहाटे तीनला पेटायच्या. मी विचारलं, मग तू रथ कधी बघितलास? ती म्हणाली, "आवाज ऐकला की." देवीचं लग्न लागताना ती मटणाचा मसाला वाटत होती, रथ दारावरनं गेला तेव्हा पंगत चालू होती. त्या जत्रेत आई तिशीत होती. मधल्या जत्रेत मी कॉलेजात, मैत्रिणींबरोबर फिरत होतो, तेव्हाही ती परसातच. मला आठवतंय मी एकदा आत जाऊन "आई, पन्नास रुपये दे" म्हटलं आणि तिनं कोपरानं पदर सरकवून कनवटी दाखवली, हात पिठाचे होते म्हणून.

या वेळी भावानं आचारी लावला. काकी नाराज झाल्या, बाहेरच्या माणसाच्या हातचं पाहुण्यांना कसं घालायचं म्हणून. पण लावला. आई रथाला गेली. मी तिच्या शेजारीच उभा होतो आणि मला काही कळलं नाही. रथ वळणावर आला तेव्हा तिनं माझा दंड धरला, मला वाटलं गर्दीत ढकललं म्हणून धरला असेल. ह्या गावात सून होऊन आल्यापासूनची तिसरी जत्रा, आणि रथ पहिल्यांदा बघत होती.

आणि थोरली कासाराजवळ अडीच तास बसली म्हटलं ना, तिच्या बाजूला आई होती. तिला दोन सहा.

संकेश्वरची मिरची

नवऱ्याला वाचून दाखवलं. आचाऱ्याचा नंबर मिळेल काय?

मार्कंडेयकाठची

खासगीत पाठवतो. मसाला तुम्हीच द्या त्याला, तुमच्या संकेश्वरी मिरचीचा. त्याचा जरा फिका आहे.

उद्यमबाग

खडेबाजारात नाही मिळाली. दोन बोटी केल्या, एक माझ्या मुलासाठी, एक तुमच्यासाठी. कुरिअर केलंय. पहिल्यांदा नळ्यांत पाणी भरायला विसरू नका, नाहीतर डबीचा सांधा सुटेल.

मार्कंडेयकाठची

आली आणि चालली! रॉकेल मिळतंय कुठं आता, गोड्या तेलाची वात लावली. आवाज तोच, टक्-टक्-टक्. धाकटा तासभर हलला नाही. थोरलीनं बोटीला काकणाचं माप लावलं, दोन दहा.

आईला व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांनी तिचा फोन: "बोट राहू दे. परात कुठली ती?"